चौकातला फळा आणि घरातली वही: ब्लॉग आणि छोट्या पोस्ट एकत्र चालवून वाचक कसे जोडावेत

पुण्याच्या पेठांमध्ये मंडळांचे फळे अजून दिसतात. चौकात किंवा मंडळाच्या खोलीबाहेर काळा फळा, त्यावर खडूने लिहिलेल्या चार ओळी: उद्या पाणी येणार नाही, अमक्यांची मुलगी सीए झाली, रविवारी रक्तदान शिबिर. जाणारा-येणारा दोन मिनिटं थांबतो, वाचतो, शेजारी उभ्या असलेल्याशी त्यावर बोलतो आणि पुढे जातो. एक-दोन दिवसांत कुणीतरी फळा पुसून नवीन मजकूर लिहितं. मागच्या महिन्यात त्यावर काय होतं, हे कुणालाच सांगता येत नाही.

एक्स, थ्रेड्स, मॅस्टोडॉनवरच्या छोट्या पोस्ट म्हणजे हा फळा. ब्लॉग म्हणजे घरातली वही, कुणी विचारलं की कपाटातून काढून नेमकं पान उघडून दाखवता येणारी. मी गेली बरीच वर्षं पुण्यातल्या झाडांवर लिहिते आहे. सुरुवातीची तीन वर्षं फक्त वही लिहिली, ती वाचायला फारसं कुणी आलं नाही. नंतर दोन वर्षं फक्त फळा लिहिला. लोक आले, रोज बोलले, पण आपण काय लिहिलं होतं ते मलाही शोधून सापडेना. दोन्ही एकमेकांना जोडल्यावर वाचक येऊही लागले आणि राहूही लागले. ती जोडणी कशी करायची, ते या लेखात सांगते. उदाहरणं झाडांची आहेत, कारण तो माझा विषय. तुम्ही फराळावर लिहा, शेअर बाजारावर लिहा नाहीतर दहावीच्या गणितावर, रीत तीच राहते.

पहिली पायरी: विषयाला कुंपण घाला

‘पुणे’ हा लिहायचा विषय होत नाही. ‘पुण्यात रस्त्याकडेला, टेकडीवर आणि सोसायटीत दिसणारी झाडं’ हा होतो. आपलं कुंपण नीट पडलंय का, हे तपासायला एक कागद घ्या आणि लोकांनी तुम्हाला खरोखर विचारलेले 30 प्रश्न लिहून काढा. मनाने रचलेले नकोत. भाचीने विचारलेले, ऑफिसातल्या मित्राने विचारलेले, रिक्षात बसल्या बसल्या कुणी विचारलेले. दहाच्या पुढे गाडी सरकत नसेल, तर विषय फार अरुंद आहे किंवा अजून पुरता तुमच्या हाताखाली आलेला नाही. एक प्रश्न मेट्रोचा, दुसरा मिसळीचा, तिसरा भाडेकराराचा असं निघालं, तर कुंपण फार लांबवर टाकलंय.

हा कागद फेकू नका. पहिल्या सहा महिन्यांचं लेखन त्यातूनच निघणार आहे.

दुसरी पायरी: आधी वही, तीही स्वतःच्या नावावर

बहुतेक जण फळ्यापासून सुरुवात करतात, कारण खातं दोन मिनिटांत उघडतं. मी सांगेन, आधी ब्लॉग उभा करा, त्यात किमान पाच लेख टाका आणि मगच फळ्यावर खडू टेकवा. फळ्यावरची एखादी ओळ पहिल्याच आठवड्यात खूप जणांपर्यंत पोचली आणि त्या लोकांना जायला जागाच नसली, तर ते आले तसे जातात.

ब्लॉगर ही सेवा 1999 पासून आहे, 2003 पासून ती गूगलकडे आहे आणि आजही फुकट आहे. वर्डप्रेस 2003 साली आलं. त्यात दोन प्रकार आहेत आणि नवीन माणसाचा हमखास गोंधळ होतो: एकात (WordPress.com) सगळी व्यवस्था तेच पाहतात, दुसऱ्यात (WordPress.org) सॉफ्टवेअर फुकट मिळतं पण होस्टिंग, म्हणजे ब्लॉग ठेवायला इंटरनेटवरची जागा, आपण विकत घ्यायचं. तांत्रिक गोष्टींत रस नसेल तर ब्लॉगर किंवा पहिल्या प्रकारचं वर्डप्रेस घ्या. या निवडीवर महिना घालवू नका.

महिना घालवायचाच असेल तर डोमेनवर घालवा. म्हणजे स्वतःचा पत्ता. त्याला वर्षाला काही पैसे पडतात. पहिल्या वर्षाची सवलत बघून घेऊ नका, दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाला किती लागतील ते आधी वाचा. पत्ता तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर नोंदवा. ‘माझ्या मित्राचा मुलगा करून देतो’ म्हणून त्याच्या ईमेलवर नोंदवलेले पत्ते, तो मुलगा परदेशी गेल्यावर हातचे गेलेले मी पाहिले आहेत. पुढे कधी ब्लॉगरवरून वर्डप्रेसवर जायचं झालं, तर स्वतःचा पत्ता तसाच नेता येतो आणि वाचकाला घर बदलल्याचं कळतही नाही.

स्वतःच्या पत्त्याचा इतका आग्रह का? कारण फळा दुसऱ्याचा असतो. गूगल प्लस एप्रिल 2019 मध्ये बंद झालं. मराठीसह भारतीय भाषांसाठी 2020 मध्ये सुरू झालेलं कू 2024 च्या जुलैत बंद झालं. माझ्या बाबतीत तर मंचही चालूच होता. एका सकाळी माझं खातं उघडेना. अर्ज केले, ओळखपत्राचा फोटो पाठवला, उत्तर आलं नाही. दोन वर्षांच्या नोंदी तिथे होत्या: कुठल्या रस्त्यावर कुठलं झाड कधी फुललं, लोकांनी कळवलेली जुन्या झाडांची ठिकाणं. यातलं जेवढं मी ब्लॉगवर नेलं होतं तेवढंच वाचलं. एरंडवण्यातल्या एका आजींनी त्यांच्या वाड्यातल्या बकुळीबद्दल लिहिलेल्या सहा ओळी गेल्या, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून महिन्यातून एकदा ब्लॉगची प्रत उतरवून घ्या. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये आणि वर्डप्रेसच्या टूल्समध्ये तशी सोय आहे. मात्र या फायलीत मजकूर येतो, फोटो येत नाहीत, फक्त त्यांचे पत्ते येतात. फोटोंचा फोल्डर वेगळा जपा.

तिसरी पायरी: मराठी नीट बसवा

इथे जरा सविस्तर सांगते, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शनात हा भाग नसतोच आणि आपले निम्मे वाचक इथे गळतात.

टाईप करताना युनिकोडच वापरा, म्हणजे अक्षरं सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर मराठीच दिसतात. फोनवर गूगलचा कीबोर्ड पुरतो, बोलून टाईप करायची सोयही आता चांगली चालते. कॉम्प्युटरवर बसून रोज लिहिणार असाल तर इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड शिकून घ्या, बोटांना एकदा सवय झाली की दुसरं काही नको वाटतं. प्रेससाठी जुन्या फाँटमध्ये केलेला मजकूर थेट ब्लॉगवर चिकटवू नका. तुमच्या कॉम्प्युटरवर तो मराठी दिसेल, वाचकाच्या फोनवर रोमन अक्षरांची खिचडी दिसेल आणि गूगलला त्यातला एकही शब्द सापडणार नाही.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यातला फरक पाळा. एक समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. अर्ध्या र ची ती आडवी खूण हवी असेल तर ‘र’ ऐवजी नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त (पाय मोडायची खूण) आणि मग ‘य’ द्या. मराठी वाचकाचं लक्ष अशा जागी पटकन जातं, आणि एकदा ते चुकीवर गेलं की मजकुरावरून उडतं.

फाँट ‘मुक्ता’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ असे मोफत आणि स्वच्छ घ्या. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकतात. आणि लेख फोनवर उघडून पाहिल्याशिवाय प्रसिद्ध करू नका.

आता लिंकचं. लेखाचं शीर्षक देवनागरीत असावं, पण त्याचा पत्ता रोमन अक्षरांत आणि लहान ठेवा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह इंटरनेटच्या पत्त्यात तीन तुकड्यांत मोडलं जातं आणि प्रत्येक तुकडा टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांचा होतो. म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरं. ‘वावळ’ या एवढ्याशा शब्दात चार चिन्हं आहेत, त्याची 36 अक्षरं होतात. पूर्ण शीर्षकाचा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की चार-पाच ओळींची टक्के-आकड्यांची माळ दिसते. आपली काकू त्यावर बोट ठेवणार नाही, तिला ती फसवणुकीची लिंक वाटते. ती सावध राहते हे बरोबरच आहे.

चौथी पायरी: फळा निवडा, एकच

सगळीकडे खाती उघडण्याचा मोह टाळा. पहिलं वर्ष एकच फळा. जिथे तुमच्या विषयावर मराठीत आधीपासून बोलणं चालू आहे, तिथे जा.

ट्विटर 2006 साली सुरू झालं तेव्हा एसएमएसवरून चालावं म्हणून 140 अक्षरांची मर्यादा होती: एसएमएसची 160, त्यातली 20 नावासाठी राखलेली. 2017 मध्ये ती 280 झाली आणि 2023 मध्ये नाव एक्स झालं. पैसे भरणाऱ्यांना तिथे आता जास्त लांब लिहिता येतं, पण तुम्ही 280 मध्येच लिहा, ती शिस्त कामाची आहे. थ्रेड्स आणि मॅस्टोडॉनवर साधारण 500 अक्षरं मिळतात, ब्लूस्कायवर 300.

एक्सवर मराठीत ही अक्षरं डोळ्यांना दिसतात तशी मोजली जात नाहीत. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘क्षितिज’ आपल्याला तीन अक्षरी, यंत्राला सात. त्यामुळे 280 मध्ये मराठीचे चाळीसेक शब्द बसतात. लिंक कितीही लांब असली तरी एक्सवर ती 23 अक्षरांचीच धरली जाते, तेव्हा लिंक आखूड करून देणाऱ्या सेवा वापरायचं कारण नाही. अशी एखादी सेवा बंद पडली की तुमच्या जुन्या सगळ्या लिंका मेल्या.

व्हॉट्सॲप चॅनल सप्टेंबर 2023 पासून भारतात आहे. तो अगदी फळाच आहे: तुम्ही लिहायचं, लोकांनी वाचायचं, वाचणाऱ्याचा नंबर इतर वाचणाऱ्यांना दिसत नाही. माझे पन्नाशीच्या पुढचे जवळपास सगळे वाचक तिथूनच येतात. फक्त तिथे लोकांना मोकळेपणी उलट लिहिता येत नाही आणि माझ्या पद्धतीत लोकांचं उलट लिहिणं हाच गाभा आहे. म्हणून चॅनल दुसऱ्या वर्षी सुरू करा.

पाचवी पायरी: फळ्यावरून वहीत

एक उदाहरण पूर्ण दाखवते.

फेब्रुवारीच्या शेवटी भांडारकर रस्त्याजवळच्या एका गल्लीत फुटपाथभर पातळ, गोल, पिवळसर चकत्या पडल्या होत्या, कागदाच्या टिकल्यांसारख्या. झाडणारी बाई त्यांचा ढीग करत होती आणि वाऱ्याने तो पुन्हा पसरत होता. मी तळहातावर चार चकत्या घेऊन फोटो काढला आणि एवढंच लिहिलं: ‘सध्या फुटपाथवर हे कुठे कुठे दिसतंय? कशाचं आहे, सांगा पाहू.’

नाव मला ठाऊक होतं: वावळ. पण मी ते दिलं नाही. संध्याकाळपर्यंत उत्तरं आली. कुणी पिंपरीहून, कुणी सहकारनगरातून. एकाने लिहिलं की लहानपणी आम्ही यातलं बी सोलून खायचो. दोघांना हा कचरा कुठल्या तरी लग्नातला वाटला होता. एकीने विचारलं, याने शिंका येतात का? आणि तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलं: झाडावर एकही पान नाही, मग ते मेलंय का?

तिघांनी एकच गोष्ट विचारली की लेख लिहायचा, हा माझा नियम. एकाचा प्रश्न त्याचा असतो. तिघांचा झाला की तो न विचारलेल्या पुष्कळांचा असतो.

लेखाचा सांगाडा प्रश्नांनीच दिला. आधी पान नसण्याचं: वावळ उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळतो, फुलं आणि फळं त्या निष्पर्ण अवस्थेत येतात, नवी पालवी मागून फुटते. झाड जिवंत आहे, कापू नका. मग त्या चकत्यांचं: मधे बी, भोवती पातळ पंख, म्हणून वाऱ्यावर दूर जातात. मग ओळखायची खूण, म्हणजे पान चुरगळलं की येणारा उग्र वास. बी सोलून खाण्याची आठवण त्या गृहस्थांची परवानगी घेऊन त्यांच्या शब्दांत दिली. शिंकांचं उत्तर मी स्वतः दिलं नाही, डॉक्टरांना विचारा असं लिहिलं. शेवटी लोकांनी कळवलेल्या ठिकाणांची यादी.

हे सगळं मी टेबलाशी बसून एकटीने रचलं असतं तर सुरुवात वनस्पतीच्या कुळाने केली असती. लोकांना मात्र सगळ्यात आधी झाड मेलंय का हे जाणून घ्यायचं होतं.

तुम्हीही असंच करा. रोज एक छोटी नोंद, शक्य तेव्हा प्रश्नाच्या रूपात. आलेली उत्तरं त्याच दिवशी वहीत, म्हणजे खऱ्या कागदाच्या वहीत किंवा फोनवरच्या नोंदींत उतरवा, तारीख घालून. फळ्यावरून ती आठवड्याने शोधणं अवघड जातं.

सहावी पायरी: वहीतून फळ्यावर

लेख प्रसिद्ध झाला की बहुतेक जण लिहितात: ‘नवीन लेख लिहिला आहे, नक्की वाचा आणि शेअर करा.’ खाली लिंक. अशी ओळ वाचकाला काही देत नाही, फक्त मागते. चौकातल्या फळ्यावर कुणी ‘आमच्याकडे एक बातमी आहे, घरी या’ एवढंच लिहिलं तर कोण थांबेल?

त्याऐवजी लेखातली एक अख्खी गोष्ट फळ्यावर देऊन टाका. वावळाच्या लेखातून मी आठवडाभर अशा नोंदी काढल्या:

‘फुटपाथवर कागदाच्या टिकल्यांसारखं काही पडलंय? कचरा नाही, वावळाची फळं आहेत. मधे बी, भोवती पंख. वारा आला की निघाली प्रवासाला.’

‘फेब्रुवारीत तुमच्या सोसायटीतलं झाड निष्पर्ण दिसलं तर लगेच कापायला माणूस बोलावू नका. फांदीला नखाने हलकं खरवडा. आत हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे.’

‘वावळ ओळखायचा सोपा उपाय: पान चुरगळा, वास घ्या. एकदा घेतलात की विसरणार नाही.’

प्रत्येक नोंद लेख न वाचताही पुरी आहे. लिंक मी मुख्य नोंदीत टाकत नाही, तिच्याखाली उत्तर म्हणून देते: ‘झाड कुठे कुठे आहे ती यादी इथे.’ ज्याला भूक राहिली तो येतो आणि असा आलेला वाचक शेवटपर्यंत वाचतो. ‘नक्की वाचा’ वर आलेला पहिल्या परिच्छेदातून परत जातो.

एका लेखातून पाच-सात नोंदी निघाल्या नाहीत तर लेखच पातळ झालाय असं समजा. मी आता प्रसिद्ध करण्याआधीच नोंदी काढून बघते. दोनवर अडकले तर लेख परत लिहायला घेते.

नोंदींची माळ, म्हणजे थ्रेड करायचा असेल तर पहिली नोंद सगळ्यात भक्कम हवी आणि माळ आठाच्या पुढे नको. त्यापुढे लेखच बरा.

लिंकसोबत दिसणारं चित्र 1200 बाय 630 पिक्सेलचं ठेवा, म्हणजे ते कडेला कापलं जात नाही. फोनमधला फोटो तीन-चार एमबीचा असतो, तो दोनशे केबीच्या आत आणून मग चढवा. पानशेतकडे जेमतेम रेंज असलेल्या गावात उघडेल असा लेख हवा.

सातवी पायरी: कॅलेंडर आपलं लावा

आठवड्याला तीन लेख, असले हिशेब नोकरी आणि घर सांभाळून जमत नाहीत. माझा आठवडा असा जातो. रविवारी सकाळी वेताळ टेकडी किंवा तळजाई, फोटो आणि नोंदी. सोमवार ते शुक्रवार रोज एक छोटी नोंद, यातल्या तीन रविवारीच लिहून शेड्यूल केलेल्या. शनिवारी दुपारी दोन तास लेखासाठी. लेख पंधरवड्यातून एकच. गणपतीत आणि परीक्षांच्या दिवसांत तोही होत नाही, तेव्हा फक्त फळा चालू ठेवते.

पण वर्षाचं कॅलेंडर मात्र मी पक्कं लावते, कारण मराठी वाचक सणांच्या आणि ऋतूंच्या चालीने शोधतो. फेब्रुवारी-मार्चात पळस, पांगारा, काटेसावर. एप्रिल-मेमध्ये बहावा. भाद्रपदात गणपतीच्या 21 पत्री: शमी, आघाडा, डोरली, माका, हादगा. यातली निम्मी पानं बाजारात भलतीच मिळतात, त्यामुळे दरवर्षी नव्याने प्रश्न येतात. आणि दसरा.

दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानं वाटली जातात. दोन्ही पानं जोडपानासारखी दिसतात. आपट्याचं लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं. कांचनाला मोठी गुलाबी-जांभळी फुलं येतात, आपट्याची बारीक आणि फिकट असतात. हा लेख मी एकदाच लिहिला आहे. दरवर्षी घटस्थापनेच्या आठवडाभर आधी तो उघडते, नवा फोटो घालते, मागच्या वर्षी आलेल्या प्रश्नांची उत्तरं जोडते आणि वर ‘अद्ययावत’ म्हणून तारीख टाकते. पत्ता बदलत नाही. दरवर्षी नवीन लेख लिहिला असता तर आधीच्या वर्षांच्या लिंका आणि गूगलमधली जागा वाया गेली असती. माझ्या सगळ्या लेखांत सर्वाधिक वाचला जाणारा हाच.

सणाचा नवा लेख मात्र सणाच्या दोन-तीन आठवडे आधी टाका. गूगलला तो सापडून वर यायला वेळ लागतो. फळ्यावरच्या नोंदी सणाच्या आदल्या दोन दिवसांत.

आठवी पायरी: शोधणाऱ्याचा शब्द

गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे. ब्लॉग त्याला जोडा आणि महिन्यातून एकदा बघा, लोक काय टाईप करून तुमच्यापर्यंत आले. मला तिथेच कळलं की ‘वावळ’ शोधणारे थोडे, ‘कागदासारखी फळं असलेलं झाड’ असं शोधणारे जास्त. नाव ठाऊक नसतं म्हणूनच तर माणूस शोधतो. ते वाक्य मी लेखाच्या पहिल्या परिच्छेदात घातलं. पुष्कळ जण मराठी रोमन लिपीत टाईप करतात, तेव्हा मुख्य शब्द लेखात एकदा तसाही लिहा. फोटोखाली वर्णन लिहा. अंध वाचकांना ते ऐकता येतं आणि गूगललाही फोटो कशाचा ते समजतं.

यापुढच्या युक्त्यांच्या मागे लागू नका.

नववी पायरी: माणसं

पहिलं वर्षभर प्रत्येक उत्तराला उत्तर द्या. आजोबांच्या वयाच्या वाचकाला ‘काका’ म्हणून, तरुणाला नावाने, पण उत्तर द्याच. चूक दाखवली तर आभार माना, लेख दुरुस्त करा आणि तळाशी तारखेसह लिहा की अमुक दुरुस्ती केली. मी एकदा शिरीषाचा फोटो दुसऱ्याच झाडाच्या नावाने टाकला होता. ज्या निवृत्त शिक्षिकेने तो ओळखून कळवलं, त्या आज माझा प्रत्येक लेख प्रसिद्ध होण्याआधी वाचतात.

कुणाचा फोटो, कुणाची आठवण घ्यायची असेल तर विचारून घ्या. फळ्यावर लिहिलं म्हणजे ते सगळ्यांचं झालं असं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिणाऱ्याचा हक्क लिहिल्या क्षणापासून असतो, नोंदणी लागत नाही.

आणि तुमचं लिहिलेलंही चोरीला जाणार. नाव काढून व्हॉट्सॲपवर फिरलेले मराठी लेख आपण सगळ्यांनी वाचले आहेत. त्याला पूर्ण आळा घालता येत नाही, पण एक उपाय कामी येतो: नाव लेखाच्या शेवटी लिहू नका, तिथून ते सहज खुडलं जातं. मजकुराच्या मधल्या एखाद्या वाक्यातच तुमच्या ब्लॉगचं नाव येऊ द्या, आणि फोटोच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत पत्ता. माझा आपट्याचा लेख असाच निनावी होऊन फिरत एका वाचकाकडे नाशिकला पोचला आणि मधल्या वाक्यातल्या नावावरून तो मूळ ब्लॉगवर आला.

रोपवाटिका किंवा कुणी कंपनी पैसे किंवा फुकट वस्तू देऊन लिहायला सांगेल तेव्हा ते पहिल्या ओळीतच सांगा. भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये तसे नियम काढले आहेत. नियम नसते तरी वाचकाला ते कळायलाच हवं.

दहावी पायरी: काय मोजायचं

फॉलोअरचा आकडा रोज बघू नका. तो वाढतो तेव्हा आपण काय बरोबर केलं ते कळत नाही, घटतो तेव्हा काय चुकलं तेही नाही. मी एका तक्त्यात आठवड्याला चार रकाने भरते: किती लेख शेवटपर्यंत वाचले गेले, फळ्यावरून ब्लॉगवर किती जण आले, ईमेलने लेख मागवणारे किती वाढले, आणि लोकांनी विचारलेले नवे प्रश्न. दुसऱ्या रकान्यासाठी लिंकच्या शेवटी ती कुठून आली याची खूण जोडता येते, ब्लॉगवरच्या भेटी मोजणारं गूगल ॲनालिटिक्स ती ओळखतं. तिसऱ्यासाठी ब्लॉगवर ईमेल घ्यायची चौकट पहिल्या दिवसापासून ठेवा. ती यादी डोमेनसारखीच पूर्णपणे तुमची असते, कुठलाही मंच बंद पडला तरी ती माणसं हातची जात नाहीत.

चौथा रकाना मी आकड्यात लिहीत नाही, प्रश्न लिहिते. सहा महिने तो रकाना रिकामा राहू लागला तर फळा आणि वही दोन्ही चालू असूनही त्यांच्यातला दोर तुटलाय, पाचव्या पायरीवर परत जायचं.

या आठवड्याच्या रकान्यात तीन ओळी आहेत. दोन पळसाच्या. तिसरी सिंहगडावर गेलेल्या एका मुलाची: ‘ताई, कड्याजवळ एक झाड आहे, एकही पान नाही आणि मोठी मोठी पिवळी फुलं. सोन्यासारखी. काय आहे ते?’ फोटो धूसर आहे. सोनसावर असावी असं वाटतंय. रविवारी पहाटे जाऊन बघणार आहे.